तलावाच्या पोटात गाळपेर करावी का?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शेतकरी भावांनी विचारलंय: आमच्या माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातल्या) तलावाचं पाणी पूर्वी दिवाळीपर्यंत पुरायचं. आता भारी (उशिरा तयार होणारा) धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या वेळी शेवटच्या बांध्या (बांध घातलेले धानाचे तुकडे) कोरड्या पडतात. गाळ किती काढावा? आणि उन्हाळ्यात पोटातली जमीन उघडी पडते, तिथे गाळपेर केली, म्हणजे त्या गाळात पीक घेतलं, तर चालेल का?

भाऊ, आधी तलावाची ठेवण पाहू. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी डोंगरउतारावरचं पाणी सपाटीला लागतं त्या जागा हेरल्या आणि एका बाजूला मातीची पाळ घातली. बाकी तिन्ही बाजूंना नैसर्गिक उतार. त्यामुळे पाळीजवळ पाणी खोल आणि पलीकडच्या काठाला घोटाभर. आपल्या जिल्ह्यातला नवेगावबांध तलावही असाच बांधला गेला. असा पसरट तलाव गाळाने फार लवकर मार खातो. एका हेक्टरवर एक फूट गाळ साचला की सुमारे ३० लाख लिटर पाण्याची जागा गेली. म्हणजे एक हेक्टर धानाला दोन-दोन इंचांचं सहा वेळचं पाणी! तुमच्या शेवटच्या बांध्यांचं पाणी या गाळात अडकलंय.

गाळ काढताना मोजमापापेक्षा काठीवर भरवसा ठेवा. मे महिन्यात पोटात उतरून काठी खोचत चला. मऊ काळ्या गाळातून ती सरळ खाली जाते, खालची मूळची घट्ट माती लागली की अडते. तिथेच थांबायचं. त्याखाली खोदलं तर पाणी झिरपून जायची भीती. पाळीच्या पायथ्याला मशीन लावूच नका. किती अंतर सोडायचं, ते जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडून परवानगी घेतानाच ठरवून घ्या.

ओढा शिरतो तिथला गाळ रेताड असतो, तो शेतात नेऊ नका. आतला बारीक गाळ बरडी आणि सिहार या हलक्या जमिनींना फार चांगला. दोन इंचांचा थर देण्यासाठी एकरी साधारण ७० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागेल. कन्हार जमिनीत तो टाकू नका, आधीच चिकण आहे. गाळाची तपासणी मात्र करून घ्या.

आता गाळपेर. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. नांगरलेली माती पहिल्याच पावसात खोलगट भागात जाऊन बसते. काठाचं गवत आणि पाणवनस्पती उपटल्या जातात. मासे तिथेच अंडी घालतात, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचं पोट त्यावर आहे. शिवाय जमीन लवकर उघडी पडावी म्हणून कुणी वेळेआधी पाणी सोडून देतो, हे मी पाहिलंय. त्याची किंमत खालच्या बांध्या मोजतात.

काठावरची बेशरम (पाण्याकाठी माजणारं झुडूप) मात्र मुळासकट काढा. तोडलेल्या फांद्या ओल्यात टाकू नका, त्या पुन्हा फुटतात. बाहेर नेऊन वाळवा. आणि वरच्या तलावाच्या सांडव्यावरून वाहणारं जादा पाणी नाल्याने तुमच्या तलावात येत असेल, तर तो नाला मृगाआधी मोकळा करून घ्या.