दमलास का, असं विचारलं तर

प्रिय पोरा,

मराठीत लिहितोय, अडेल तिथे आईला विचार. रविवारी आमच्या स्वयंपाकघरात खांद्यावर बर्फाची पिशवी धरून तू म्हणालास, "काका, कोचनं काढलं नाही मला. मीच म्हटलं, बस." मग कितीतरी वेळ फ्रिजवरची मॅग्नेटं इकडची तिकडे करत उभा राहिलास. बेसबॉलमधलं पिचिंग, म्हणजे चेंडू टाकणं, सोडू का, हे त्यानंतर विचारलंस. त्याचं तू बघ. मला त्या 'बस'बद्दल बोलायचंय.

पिचर जॅक मॉरिस तुझ्याच सेंट पॉलचा, आपल्या मिनेसोटातला, १९५५चा जन्म. त्याचं नाव काढलं की तू आकडे तोंडावर फेकतोस. २५४ विजय ठीक, पण ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागलेल्या धावा, ३.९०; बेसबॉलच्या मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा तिथल्या पिचरांत सगळ्यात वाईट. पत्रकारांच्या मतदानात १५ वर्षं लटकला, २०१८ साली समितीच्या दारानं आत गेला. सगळं कबूल. आता २७ ऑक्टोबर १९९१ची रात्र घे.

वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची अंतिम मालिका, तिचा सातवा आणि शेवटचा सामना, मिनीआपोलिसचं मेट्रोडोम, समोर अटलांटा. मॉरिस ३६ वर्षांचा, त्याच वर्षी घरच्या संघाकडे, मिनेसोटा ट्विन्सकडे, आलेला. मी इथे नवा, बेसबॉलमधलं निम्मं कळायचं नाही. आठव्या इनिंगपर्यंत ०-०. लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर, पेंडलटननं चेंडू थेट भिंतीपर्यंत मारला. स्मिथनं सहज घरी, म्हणजे होमला, येऊन धाव करायला हवी होती. पण आपल्या दोन फील्डरांनी चेंडू जवळच असल्याचं सोंग केलं नि तो दुसऱ्या बेसपाशी थबकला. तरी दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं आणि आउट एकही नाही. कुणीही चेंडू दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा झाला असता. मॉरिसनं गँटला पहिल्या बेसकडे मिळमिळीत मारायला लावलं, धावणारे जागीच. जस्टिसला मुद्दाम चालत सोडलं, म्हणजे पहिला बेस फुकट दिला; तिन्ही बेस भरले. मग सिड ब्रीमचा चेंडू पहिल्या बेसवरच्या आपल्या हर्बेककडे, तिथून होमला, होमहून परत हर्बेककडे. एका फटक्यात दोन आउट, इनिंग खलास. मी हातातली पोह्यांची बशी सांडली.

नववी इनिंग खरं तर शेवटची, पण अजून ०-०च. तेव्हा मॅनेजर टॉम केली त्याला थांबवणार होता. मॉरिस ऐकेना. दहावी इनिंगही त्यानंच टाकली, एकूण १२६ चेंडू. मग जीन लार्किनच्या फटक्यावर ग्लॅडन घरी आला, १-०.

विचारलं, तर हो म्हणायचं नाही. एवढंच सांगतोय.

मी म्हटलं होतं. सांगलीत, मॅटिंगवर. समोरच्यांना सतरा धावा हव्या होत्या, दोन गडी बाकी. कप्तान जवळ आला, दमलास का? दमलो नव्हतो रे. आधीच्या षटकात दोन चौकार गेले होते, बास. "जरासा," म्हणालो आणि चेंडू त्याच्या हातात ठेवला. एका बाजूनं शिवण उसवली होती त्याची, अंगठ्याला अजून आठवते. आणि सामना आम्ही जिंकलो! तेच वाईट झालं. हरलो असतो तर कुणीतरी चार शिव्या घातल्या असत्या. पुढे नोकरीत दोनदा हेच केलं, दोन्ही वेळा लोक म्हणाले, समजूतदार आहे.

खांदा दुखत असेल तर लगेच सांगायचं, सोसण्यात शौर्य नाही. पण तू स्वतःच म्हणालास की दुखत नव्हतं. मग बर्फ कशाला लावला होतास? मला दाखवायला? भीतीला दुखणं म्हणू नकोस, फार सोयीचं असतं ते.

"मॉरिस तर एका वर्षात टोरांटोला पळाला," असं तू म्हणणार. गेला, आणि गाव रुसलं. पण १९८६ साली तोच ट्विन्सच्या दारात गेला होता, मला घ्या म्हणून, नाही म्हणाले. तेव्हा मालकांनी आपसात संगनमत करून दुसऱ्या संघांतले करार संपलेले खेळाडू घेणंच थांबवलं होतं, पुढे लवादानंही तसंच म्हटलं. मग माणसानं गावाचं देणं किती फेडायचं? टोरांटोला २१ सामने जिंकला. वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र त्याच अटलांटाकडून दोनदा मार खाल्ला. खाल्ला, पण टाकत होता.

गाव सोडणं वेगळं आणि चेंडू सोडणं वेगळं. वडील गेले तेव्हा मी इथे होतो, तिसऱ्या दिवशी पोचलो. भाऊ अजून तो विषय काढत नाही. मी सांगली सोडली ते बरोबरच होतं, असं मला वाटतं. काकू हे पत्र वाचून म्हणाली, हे त्याला लिहिताय की भावाला? तिचं सोड.

शनिवारी तुझी मॅच आहे म्हणे. घडीची खुर्ची घेऊन येतो, तिसऱ्या बेसच्या बाजूला बसेन. कोच तुझ्याकडे चालत आला तर माझ्याकडे बघू नकोस.

तुझा,
काका