विश्वाला अर्थ नाही, मग ईएमआय कशासाठी?

प्रश्न: ताई, मी २९ वर्षांचा, वाकडला राहतो, हिंजवडीत आयटीत आहे. पगार बरा आहे, फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, घरचे स्थळं बघतायत. पण वर्ष झालं, कशातच मन लागत नाही. रात्री नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञावरचे व्हिडिओ बघत बसतो. देव मेलाय, विश्वाला आपलं काही पडलेलं नाही, मग प्रमोशन, लग्न, हे सगळं कशाला? आईला बोललो तर म्हणते दगडूशेठला जाऊन ये. मी नास्तिक आहे. प्लीज गोड गोड उत्तर देऊ नका.
– एक वाचक

उत्तर: नाही देत. आधी ते व्हिडिओचं बघू. ‘देव मेलाय’ हे नीत्शेनं १८८२च्या पुस्तकात एका वेड्याच्या तोंडी घातलंय, तो दिवसाढवळ्या कंदील घेऊन बाजारात देव शोधत फिरतो आणि त्याला हसणारे कोण, तर देव न मानणारेच लोक! म्हणजे हा जल्लोष नाहीये, आता उभं राहायचं कशावर ही धास्ती आहे, आणि पुढे शुद्धीत होता तोवर तो याच प्रश्नाशी झगडत राहिला. रीलवाले नेमकं तिथेच कट मारतात.

आता आपल्या पुण्यातलंच बघ ना. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर. देव, मोक्ष, पुनर्जन्म, कशावरच भिस्त नाही. एमएला असतानाच आईला पत्र लिहून कळवलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस (तुझ्या आईला असं पत्र आलं तर काय होईल!). १८८८ला ‘सुधारक’ साप्ताहिक काढलं, संमतीवय, केशवपन यावर असं काही लिहिलं की पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. जोडीला दमा होताच, १८९५ला गेले तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. या माणसाला विश्वाचा अर्थ आधी सिद्ध करून घ्यावासा वाटला नाही, समोर विधवांचे जे हाल चाललेत त्याची चीड येत होती, तेवढं पुरलं. तू आगरकर हो असं म्हणत नाहीये मी, डोक्यावर होम लोन असताना ते परवडणारही नाही. पण देव नाही म्हणून सगळं फोल, हे गणित त्यांच्या बाबतीत तरी चुकलं ना?

खरं सांगू का, मला तुझ्या पत्रात नीत्शेपेक्षा ते ‘वर्ष झालं’ जास्त टोचलं. ज्याला नुसतं विश्व निरर्थक वाटतं तो रविवारी मिसळ चापून खातो, मॅच बघताना आरडाओरडा करतो. तुझं तेही बंद झालंय का? झोप, भूक, मित्रांचे फोन? झालं असेल तर हा तत्त्वज्ञानाचा नाही, डॉक्टरचा विषय आहे, सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट घे. तोवर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि जगणंच नको असं कधी मनात आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नकोस, त्याच क्षणी फोन लाव.

आईवर चिडू नकोस रे. तिला तुझं उतरलेलं तोंड दिसतंय आणि तिच्याकडे उपाय म्हणून दगडूशेठच आहे. स्थळं मात्र सध्या थांबव, कुणाच्या तरी मुलीला तुझ्यावरचं औषध म्हणून घरात आणू नका. हे आईला फोनवर नको, समोर बसून सांग, आणि डॉक्टरांचंही त्याच वेळी सांगून टाक.