अटक झालेल्या भावाचा मानसिक आजार पोलिसांना सांगावा का?

तुमच्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, मारामारीच्या गुन्ह्यात काल रात्री अटक झाली आहे आणि आजाराचं सांगितलं तर केस बिघडेल का, असं तुम्ही विचारलंय.

सांगा. आजच सांगा, आणि लेखी सांगा.

आम्ही सांगितलं नव्हतं. माझ्या भावाला नेलं तेव्हा वडील म्हणाले, "वेडा ठरवतील, जन्माचा शिक्का बसेल." मीही गप्प बसले. पोलीस ठाण्यात तो मान खाली घालून बसला होता. आधी कशालाच उत्तर देईना, मग एकाएकी प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणू लागला. पोलिसांना तो आधी मुजोर वाटला, नंतर गुन्हा कबूल करतोय असं वाटलं. त्याचं असं 'हो' म्हणजे 'आता विचारणं थांबवा' एवढंच असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे ते कुणाला कळणार, आम्ही तोंडच उघडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी, दोन दिवसांच्या गोळ्या चुकल्यावर, तो भिंतीशी बोलायला लागला. ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

तपास अधिकाऱ्यांच्या नावे एक पानी अर्ज लिहा. आजार कोणता, कधीपासून, उपचार कुणाचे, कोणती गोळी किती आणि केव्हा, शेवटचा डोस कधी झाला. पूर्वी त्याने जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला असेल तर ते सगळ्यात वर लिहा, कारण कोठडीतले पहिले काही दिवस याच बाबतीत फार धोक्याचे असतात. प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या.

क्लोझापीन (स्किझोफ्रेनियावरची एक गोळी) चालू असेल तर ते ठळक लिहा. ही गोळी 48 तासांहून जास्त चुकली की जुन्याच डोसवर पुन्हा सुरू करता येत नाही, अगदी थोड्यापासून वाढवत न्यावी लागते. हे प्रत्येक ठिकाणच्या डॉक्टरांच्या लक्षात येईलच असं धरून चालू नका.

प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. तिथे तुम्ही स्वतः जा, अर्जाची प्रत घेऊन. वैद्यकीय तपासणी आणि औषधं चालू ठेवण्याचा आदेश वकिलांना तिथेच मागायला सांगा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. कोठडीतल्या माणसाचा तो हक्कच आहे, त्यासाठी उत्पन्न पाहत नाहीत. विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा.

आता तुमची खरी भीती. औषध मिळावं म्हणून आजार सांगणं आणि कोर्टात 'वेडा' ठरणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम 22 पाहतं ते कृत्य घडलं त्या क्षणाचं: आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे त्याला आजारामुळे कळतच नव्हतं का. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा) कलमं 367 आणि 368 आजचं पाहतात: चौकशीत किंवा खटल्यात स्वतःचा बचाव करण्याइतकी समज आत्ता त्याला आहे का. या दोन्हींचा निर्णय कोर्ट वैद्यकीय तपासणी आणि पुरावा पाहूनच करतं. उपचारासाठी यातलं काहीच सिद्ध करावं लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये कैद्यांच्या उपचारांसाठी वेगळं कलम आहे, 103. जामिनाच्या वेळीही कोर्ट आजारपण विचारात घेऊ शकतं. आधी लपवून महिन्यांनी सांगितलं तर मात्र सरकारी वकील 'हे आत्ताच कुठून उपटलं?' असं विचारणारच. आम्हाला विचारलं.

न्यायालयीन कोठडीत पाठवलं तर तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना तोच अर्ज पुन्हा द्या. ठाण्यात दिलेला कागद आपोआप पुढे जात नाही. मुलाखतीला गेलात की केसबद्दल नंतर बोला, आधी विचारा: झोप लागते का, आवाज ऐकू येतात का, गोळी हातात देतात की समोर गिळायला लावतात. आमचा भाऊ गोळ्या साठवत होता. ते मला तिसऱ्या मुलाखतीत समजलं आणि मी तिथल्या तिथे अधिकाऱ्यांना सांगितलं.

आणि आज रात्री तुम्हालाच सुचेनासं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. अर्ज लिहिताना अडलात तर इथेच विचारा, मी उत्तर देते.