निफाडला एप्रिलमध्ये कांदा काढणी आहे, मजुरांना उन्हात किती वेळ काम द्यावं?

सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर. मधले तास बंदच ठेवा. खरी गफलत पहिल्या दिवशी होते, नव्या टोळीला लगेच पूर्ण रोज लावतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या २० टक्केच, मग रोज २० टक्के वाढ. गेल्या आठवडाभर उन्हातच राबलेल्यांना मात्र एवढी सूट लागत नाही. पाणी दर १५-२० मिनिटांनी पेलाभर. जार वाफ्याशेजारीच ठेवा. काम उक्तं असलं की बांधापर्यंत कोण उठून जातंय! कोणी असंबद्ध बोलू लागलं तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, १०८ लावा.