स्टार ६००, पैसे देणारे ४: पुढे काय करावं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळला घरी बसून वेबहूक (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला आपोआप पाठवलेला निरोप) तपासायचं टूल बनवलंस, गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) ६०० स्टार, म्हणजे लोकांची पसंती, आहेत, नोंदणी ९०० जणांची, पण पैसे देणारे फक्त ४. आता जाहिरात करू, सेल्सला माणूस ठेवू की पुण्याला जाऊ? वयाने लहान वाटतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

तिन्ही आत्ता नको. ९०० पैकी किती जणांनी पहिला वेबहूक खरोखर पकडून पाहिला, हा आकडा तू दिलेलाच नाहीस. बहुतेक तुझ्याकडे तो नसेलच. माझ्याकडेही दोन वर्षं नव्हता.

मी जळगावहून लॉग (सॉफ्टवेअर चालताना होणाऱ्या नोंदी) गोळा करायची सेवा चालवतो. सुरुवातीला एकदा एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत गेलो होतो, पंपांचे कंट्रोलर बनवतात. तिथल्या पोराला म्हटलं, माझं टूल बसव, मी एक शब्द बोलणार नाही. त्याने डॉक्युमेंटेशन उघडलं, वरचा मजकूर वाचलाच नाही, सरळ कर्लची (सर्व्हरला डेटा पाठवायच्या प्रोग्रामची) कमांड कॉपी करून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चिकटवली. जेसनभोवती (पाठवायच्या डेटाभोवती) मी एकेरी अवतरणचिन्हं दिली होती. लिनक्सवर मस्त चालतं. कमांड प्रॉम्प्टला ती चिन्हं कळतच नाहीत. एरर. त्याने तीच कमांड परत चिकटवली, परत एरर. दुहेरी चिन्हं टाकून पाहिली, तर ४०१, म्हणजे ओळख पटली नाही. मग लक्षात आलं की 'तुमची की इथे टाका' हे शब्दच तसेच गेलेत; की म्हणजे खात्याची गुप्त चावी. की आणायला डॅशबोर्डवर गेला, तर आधी ईमेल पडताळणी, आणि ते मेल स्पॅममध्ये. अकरा मिनिटं गेली. पोरगा शांत होता, घाम मला फुटला होता. शेवटी तो म्हणाला, "दादा, चहा घेऊ ना?" तेव्हाच समजलो, टूल याच्या मनातून उतरलं.

त्या आठवड्यात एकही नवं फीचर लिहिलं नाही. लॉगिन केलेल्याला उदाहरणात त्याचीच की भरलेली दिसेल असं केलं. विंडोजसाठी वेगळा टॅब दिला. ईमेल पडताळणी पहिला लॉग पोचल्यानंतर मागायला लागलो. एररमध्ये नुसता ४०१ न फेकता काय चुकलं आणि की कुठे मिळेल ते लिहिलं. त्या तिमाहीत पैसे देणारे ९ चे २१ झाले.

ही काही माझी अक्कल नाही. स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीचे कॉलिसन बंधू सुरुवातीला कोणी "बघतो वापरून" म्हटलं की लिंक पाठवत नसत. तिथल्या तिथे त्याचा लॅपटॉप मागून जोडणी करून देत. आपल्याकडे ठिबक तरी नुसत्या जाहिरातीने पसरलं का? शेतकरी जळगावच्या जैन हिल्सवर (ठिबकवाल्या जैन कंपनीच्या शेतांवर) जाऊन बघून आला, मग शेजाऱ्याच्या केळीचा घड बघितला, मग नळ्या टाकल्या. डेव्हलपरही बांधावरून बघणाराच. त्यातून तो अ‍ॅडब्लॉकर लावून बसलेला असतो, जाहिरातीचं तिथेच मिटलं.

आता पैशांचं. एकटा डेव्हलपर खिशातून महिन्याला ५०० रुपये काढायला कुरकुरतो, पण त्याची कंपनी ५,००० सहज देते. पोस्टमन हे एपीआय (सॉफ्टवेअरमधली जोडणी) तपासायचं टूल २०१२ मध्ये क्रोमचं फुकट एक्स्टेंशन म्हणून सुरू झालं. पैसे घेतले ते टीमने मिळून काम करायच्या सोयींचे. तुझे ते ४ जण कोण आहेत बघ. एकाच कंपनीतले तिघेजण स्वतंत्र खात्यांवर वेबहूकची लिंक एकमेकांना पाठवत असतील, तर तुझा खरा प्लॅन तिथेच सापडला.

भारतातल्या गिऱ्हाइकांना कार्डाच्या मासिक वसुलीत अडकवू नको. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे) नियम लागू झाले, आणि साधारणपणे १५,००० रुपयांवरच्या प्रत्येक वसुलीला ओटीपी लागतो. अकाउंट्सवाला तो टाकायला विसरतो, आणि आपल्याला वाटतं गिऱ्हाईक सोडून गेलं. वर्षाचं एकच बिल, बँक ट्रान्सफर, जीएसटी क्रमांकासह नीट इनव्हॉइस. त्यांना भरलेल्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून ते तेच मागतात. परदेशी गिऱ्हाइकांसाठी सीएला सांगून एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) भरून ठेव.

कोडचा कुठला भाग कायम खुला ठेवणार, हेही आत्ताच ठरव आणि लिहून टाक. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या टूलचा खुला परवाना बदलून बंधनं घातली, तर लोकांनी महिनाभरात फोर्क (जुन्या खुल्या कोडवरून वेगळी आवृत्ती) काढला. तुझ्या ६०० जणांपैकी निम्मे तरी तेवढ्यावरून बिथरतील.

पुण्याचं म्हणशील तर ब्राउझरस्टॅक ही वेबसाइट तपासायची सेवा देणारी भारतीय कंपनी २०११ पासून २०१८ पर्यंत बाहेरच्या भांडवलाशिवाय वाढलं. गुंतवणूकदार भेटतील या आशेवर तिकडचं भाडं भरायचं काही कारण मला दिसत नाही. सेल्सचा माणूस तर अजिबात नको; तो गिऱ्हाइकाचा फोन तुलाच जोडून देणार.

रविवारी जळगावला ये. माझ्याकडे विंडोजचा जुना, रडतखडत चालणारा लॅपटॉप आहे. त्यावर मी तुझं टूल बसवतो, तू शेजारी गप्प बसायचं आणि लिहून घ्यायचं. भरीत आणि कळण्याची भाकरी माझ्याकडे.