भाकरीच्या रंगाचा स्वेटर

प्रश्न: नमस्कार ताई, मी डोंबिवलीचा, वय २९, ऑफिस बीकेसीत. दिवाळीच्या सेलमध्ये ओटमील कलरचा गोल गळ्याचा स्वेटर घेतला, फोटोत मॉडेलवर भारी दिसत होता. मी घातला तर आई म्हणाली, ताप आलाय का रे तुला? जानेवारीत नाशिकला मावसभावाचा साखरपुडा आहे, मग मित्रांबरोबर महाबळेश्वर, आणि ऑफिसात एसी एवढा की चार वाजेपर्यंत बोटं गारठतात. एका स्वेटरात हे सगळं भागेल का, की सरळ धाकट्या भावाला देऊन टाकू?

उत्तर: देऊ नकोस रे! आई म्हणते ते खरंय, पण त्यात स्वेटरचा काही दोष नाही. ओटमील म्हणजे आपल्याकडचा ज्वारीच्या भाकरीचा रंग, गव्हाळ माणसाच्या गळ्याला तो थेट टेकला की चेहरा कुठे संपतो नि कपडा कुठे सुरू होतो तेच कळत नाही, म्हणून माणूस आजारी वाटतो. मध्ये कॉलर येऊ दे. आत पांढरा किंवा फिका निळा शर्ट, खाली नेव्ही ब्लू ट्राउजर, ब्राऊन बूट, झालं ऑफिसचं. कॉलरची टोकं स्वेटरच्या आतच ठेव, बाहेर काढलीस तर शाळेच्या गॅदरिंगला निघाल्यासारखा दिसशील.

फक्त घरून घालून निघू नकोस. सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत पारा ७.४ अंशांवर गेला होता, पण ते आपल्या आजोबांच्या गप्पांत, आपल्या नशिबी एसीचीच थंडी. सकाळच्या फास्टमध्ये स्वेटर घालून उभा राहिलास तर कुर्ल्याला उतरेपर्यंत बनियन पिळायची वेळ येईल, शिवाय कोणाच्या तरी सॅकच्या चेनमध्ये विणीचा धागा अडकला की संपलंच. घडी करून बॅगेत टाक नि डेस्कवर पोचल्यावर घाल. आणि धागा निघालाच तर कात्री लावायची नाही हां, सुईने उलट बाजूला ओढून घे, नाहीतर तिथून उसवत जातो.

नाशिकची थंडी मात्र खरी, जानेवारीत पहाटे दहाच्या खाली सहज जातं. तरी साखरपुड्याला कुर्त्यावर स्वेटर नको, कितीही हँडसम मुलगा असला तरी मॉर्निंग वॉकवरून थेट आलेला काका वाटतो (माझ्या नवऱ्याचा अल्बम आहे, पुरावा म्हणून दाखवते). वीण बारीक असेल तर शर्टावर स्वेटर आणि वरून गडद निळा ब्लेझर, मस्त दिसेल. जाड असेल तर ब्लेझरच्या बाहीत हात अडकतो, मग नुसता स्वेटर नि नीट इस्त्रीची पँट पुरे.

महाबळेश्वरला काय, जीन्स, पांढरे शूज, आत गडद हिरवा किंवा मरून टीशर्ट, त्याची कड गळ्याशी जराशी दिसू दे. स्ट्रॉबेरी क्रीम खाताना मात्र स्वेटर काढून ठेव, मी थट्टा करत नाहीये, या रंगावर तो डाग लगेच गार पाण्याने टिपला नाही तर राहतो.

प्रश्न: गिरगावातून लिहितोय. वडिलांचा राखाडी लोकरी स्वेटर मला बरोब्बर बसतो, पण दरवर्षी कपाटातून काढला की एखादं नवीन भोक! आणि धुतला की खांदे लोंबतात.

उत्तर: भोकं कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीची. पावसाळ्याआधी धुऊन, खडखडीत वाळवून मगच ठेवा, घामट स्वेटर तिला फार आवडतो. डांबरगोळ्या कापडात बांधून ठेवा, लोकरीला टेकायला नकोत. खांदे लोंबतात कारण तुम्ही ओला स्वेटर दोरीवर टाकता, पाण्याच्या वजनाने तो ताणतो. न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरा, चाळीत जागा नसेल तर रात्री पंख्याखाली खाटेवर. हँगर तर अजिबात नको. आणि आहे त्या भोकांना रफू करून घ्या, तेवढ्या राखाडी धाग्याने कुणाला कळतही नाही.