इंग्लंडमधल्या नव्या घरासाठी अलार्म निवडताना
नव्या घराला अलार्म बसवण्याचा तुमचा विचार योग्यच आहे. आपल्या लोकांच्या घरातल्या सोन्यावर चोरांचा डोळा असतो आणि दिवाळीच्या सुमारास तिथले पोलीसही तसे बजावतात. मात्र नुसता भोंगा वाजला म्हणून पोलीस येत नाहीत. त्यांनी यावे असे वाटत असेल, तर एनएसआय किंवा एसएसएआयबी या सुरक्षा कंपन्यांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांची मान्यता असलेल्या कंपनीकडूनच यंत्रणा बसवून घ्यावी, ती इशाऱ्यांवर लक्ष ठेवून पोलिसांना कळवणाऱ्या मॉनिटरिंग सेंटरला जोडलेली असावी आणि कंपनीने पोलिसांकडून तिच्यासाठी यूआरएन हा नोंदणी क्रमांक मिळवावा. एका सेन्सरच्या इशाऱ्यावर सहसा पोलिसांना बोलावले जात नाही. मागच्या दाराचा सेन्सर आणि पाठोपाठ जिन्याजवळचा हालचाल टिपणारा सेन्सर, असे दोन वेगळे इशारे आले, की घुसखोरीची खात्री धरली जाते. म्हणूनच सेन्सरच्या जागा कंपनीच्या माणसाबरोबर घरभर फिरून ठरवाव्यात, यावर माझा सर्वाधिक भर आहे. रेडिएटरच्या वर किंवा थेट उन्हाकडे तोंड करून लावलेला सेन्सर खोटे इशारे देऊ शकतो, आणि १२ महिन्यांत असे ३ इशारे पोलिसांपर्यंत गेले, तर त्यांचा प्रतिसाद काढून घेतला जातो. किल्ली सांभाळणाऱ्या दोन व्यक्तींची नावेही द्यावी लागतात व त्यांना २० मिनिटांत पोहोचता यायला हवे. सुट्टीत भारतात येण्यापूर्वी त्या दोन्ही व्यक्ती गावातच आहेत ना, हे विचारून घ्यावे. जुनी यंत्रणा साध्या टेलिफोन लाइनवर चालत असेल, तर ती सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार असल्याने इंटरनेट आणि मोबाइल सिम अशा दुहेरी मार्गाने सिग्नल जाण्याची सोय आत्ताच मागावी.